सत्य आणि खर्ज
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



राजकवी तांबे यांच्या वास्तव्याने पावन झालेल्या या नगरीत, सराफा बाजारातील या जुन्या वास्तूत शताब्दीचे व्याख्यान द्यायचे म्हटले म्हणजे विषय तांबे यांच्या गीतरचनेचा असावा, फार तर ग्वाल्हेरच्या मराठी रंगभूमीचा असावा, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. त्या विषयांवर माझ्याहून अधिकारी मंडळी या मालेत बोलणार आहेत. मी आज एका गीतसंग्रहाविषयी बोलणार आहे. तो छापलेला नाही, तो आपल्या कोणत्याही कपाटात नाही, आणि त्याची भाषा प्रामुख्याने मराठीही नाही. तरी मराठी ग्रंथालयाच्या व्यासपीठावर त्याची चर्चा व्हावी असे मला का वाटते, हे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

८ मार्च २०२२ रोजी मुंबईच्या धर्मेश परमार या तरुणाचा पहिला स्वतंत्र संग्रह प्रसिद्ध झाला. रॅप या प्रकारात रचना करणारे आपले टोपणनाव घेतात; याने 'एमसी तोडफोड' हे नाव घेतले होते. संग्रहाचे नाव होते 'ट्रुथ अँड बेस'. मी त्याचे मराठी 'सत्य आणि खर्ज' असे करतो. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, २० मार्च रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी हा तरुण निवर्तला. वृत्तपत्रांनी बातमी ठळकपणे दिली. पण बहुतेक मथळ्यांत त्याची ओळख 'गली बॉय' या २०१९ सालच्या चित्रपटात गायलेला कलावंत अशी होती. चित्रपटातील नटांनी आणि दिग्दर्शिकेने शोक व्यक्त केला, त्याच्या बातम्या झाल्या. संग्रहाचा उल्लेख बहुधा शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात आला. ज्या कामासाठी त्याने पहिल्यांदाच एकट्याने नाव लावले होते, ते मृत्युलेखाची तळटीप होऊन बसले. एखाद्या कवीचा पहिला संग्रह निघावा आणि त्याने पूर्वी कोणत्या चित्रपटाला दोन कडवी दिली होती एवढेच लोकांनी सांगावे, तसा हा प्रकार झाला.

समीक्षेत आपण 'निकष' हा शब्द सहज वापरतो. निकष म्हणजे सराफाच्या हातातला कसाचा दगड. या बाजारात तो समजावून सांगण्याची गरज नाही. कसावर सोने घासता येते, पण अत्तर घासून पाहणाऱ्याला कोणी सराफ म्हणणार नाही. रॅपच्या बाबतीत आपण आजवर अत्तर दगडावर घासत आलो आहोत, असे माझे मत आहे.

ज्यांना हा प्रकार परका वाटतो त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या तरुणाने एका इमारतीत भरवलेल्या मेळाव्यापासून हिप हॉपचा आरंभ मानतात. तबकडीवरील गाण्याचा केवळ तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर कोणी ठेक्यात बोलायचे, अशी ती रीत. १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाइट' या ध्वनिमुद्रिकेने ती घरोघरी पोचली. आपल्याकडे १९९२ मध्ये बाबा सहगल यांच्या 'ठंडा ठंडा पानी'ने ती गंमत म्हणून आली आणि बराच काळ गंमत म्हणूनच राहिली. पुढे २०१३-१४ च्या सुमारास मुंबईच्या वस्त्यांतून डिव्हाइन, नेझी ही मुले आपल्या गल्लीच्या बोलीत लिहू लागली आणि सूर बदलला. त्याच सुमारास 'स्वदेसी' नावाचा मेळ उभा राहिला. आपला तोडफोड त्यातलाच. चित्रपट आणि मोठ्या कंपन्या यांच्या बाहेर राहून चालणाऱ्या या प्रवाहाला 'भूमिगत' म्हणतात. आपल्या पिढीला या शब्दाने बेचाळीसची चळवळ आठवते. इथे अर्थ इतकाच की बाजारात दुकान नाही, माल मात्र आहे.

या मंडळींच्या टोपणनावांकडे लक्ष द्या. एक तोडफोड, दुसरा मवाली. समाजाने ज्या शब्दांनी हिणवावे तेच शब्द नाममुद्रा म्हणून घ्यायचे, ही ऐट आपल्याला अगदीच नवी नाही. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांनी 'गोलपिठा' हे नाव कवितासंग्रहाला दिले, तेव्हाही पांढरपेशा वाचक असाच थबकला होता. त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकर ढसाळांबरोबर त्या वस्तीत हिंडले, अडलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी कवीलाच विचारले आणि आपले अज्ञान न लपवता लिहिले. नव्या आवाजापाशी समीक्षकाने कसे जावे याचा तो नमुना मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो. रॅपच्या वाट्याला अजून तसा तेंडुलकर आलेला नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या रचनांचे जे थोडेफार परीक्षण झाले त्यात त्या काय सांगतात एवढेच पाहिले गेले. त्या कशा म्हटल्या आहेत याकडे कोणी कान दिला नाही. वास्तविक ग्वाल्हेरकराला इथे आयता अधिकार आहे. 'गली बॉय'मधील 'इंडिया ९१' या रचनेत तोडफोडचा सहभाग होता. तिचे संगीतकार विवेक राजगोपालन हे मृदंगवादक. दक्षिणेत मृदंगाचे बोल तोंडाने म्हणण्याची जी 'कोन्नकोल' नावाची विद्या आहे, ती त्यांनी या मुलांना शिकवली आणि तिच्या गणितावर रॅपचे शब्द बसवून घेतले. आपल्या भाषेत सांगायचे तर ही पढंत आहे. ज्या नगरीत हद्दू-हस्सू खाँसाहेबांची गायकी घडली, जिथून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्याल महाराष्ट्रात नेला, जिथे १९१८ मध्ये भातखंड्यांच्या प्रेरणेने माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले, त्या नगरीतल्या श्रोत्याला बोलबांट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बंदिशीचे शब्द तेच, ताल तोच. पण गायक ते शब्द लयीच्या घरांतून असे वाटतो की एखादे अक्षर समेच्या आधी येऊन दचकवते, एखादे मागे रेंगाळते, आणि सगळे मिळून नेमके समेवर येऊन पडते. रॅपर ज्याला 'फ्लो' म्हणतो त्याची जात हीच. चार ठोक्यांचे एक आवर्तन, साधारण सोळा आवर्तनांचे एक कडवे. सामान्य रचनाकार प्रत्येक चौथ्या ठोक्यावर यमक टाकून मोकळा होतो, आणि जाणकार ते यमक ओळीच्या पोटात ढकलतो, ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे सरकवतो. तोडफोड गुजरातीत म्हणे. गुजराती न समजणाऱ्यालाही त्याच्या शब्दांचे वजन जाणवते, याचे कारण या वाटणीत आहे.

आणि मराठीत याचा पूर्वज नाही काय? आहे, आणि तो कपाटात धूळ खात पडला आहे. औरंगाबादचे अमृतराय (१६९८-१७५३) यांचे 'कटाव' आठवा. कीर्तनाच्या भरात म्हणायची ही रचना. आठ-आठ मात्रांची आवर्तने एकामागून एक धावत येतात, चरणांची संख्या बांधलेली नाही, अनुप्रास आणि आतली यमके यांचा नुसता वर्षाव, आणि म्हणणाऱ्याला श्वास कुठे घ्यावा याची पंचाईत. आपण अभ्यासक्रमात कटावाला 'शब्दचमत्कृती' असा शेरा मारून दोन गुणांच्या टिपेत बसवले. माधव ज्युलियनांनी 'छंदोरचने'त (१९२७) पद्याच्या मात्रांचा सूक्ष्म हिशेब मांडला, ना. ग. जोशींनी १९५५ मध्ये लयीच्या दृष्टीने त्या सगळ्याचा पुनर्विचार केला. म्हणजे मोजण्याची साधने आपल्या घरात तयार आहेत. पण ती आपण वृत्तांच्या परीक्षेपुरती ठेवली, आणि समोर जिवंत कटाव म्हटला जात असताना त्याला 'पाश्चात्त्य गोंगाट' म्हणून मोकळे झालो.

केवळ आशय पाहण्याने काय होते, याची दोन उदाहरणे देतो. २०१९ मध्ये 'स्वदेसी'ने 'द वारली रिव्होल्ट' ही रचना केली. तिच्यात मुंबईच्या आरे जंगलातील केलटीपाड्याचे वारली कार्यकर्ते आणि लोकगायक प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडण्याचा वाद तेव्हा पेटला होता. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरच्या रात्री झाडे तोडायला आरंभ झाला आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, तोवर दोन हजारांवर झाडे गेली होती. साहजिकच रचनेची चर्चा 'पर्यावरणाचे गाणे' म्हणून झाली, स्तुतीही झाली. पण तिचे नाव ऐकताच मराठी वाचकाला १९४५-४७ चा वारल्यांचा लढा आणि गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' आठवायला हवे होते. आपल्या किती परीक्षकांना ते आठवले? गोदावरीबाईंच्या पुस्तकात वारली माणूस बोलतो तो बाईंच्या लेखणीतून. इथे वारली गायक स्वतःच्या गळ्याने उभा राहतो आणि शहरी मुले त्याच्या मागे ठेका धरतात. हा बदल साहित्याच्या इतिहासात नोंदवण्याजोगा आहे. तो शब्दार्थात सापडत नाही. कोणाचा आवाज पुढे आहे आणि कोणाचा साथीला, हे ऐकावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. एप्रिल २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरकडच्या राज मुंगासे या तरुणाच्या मराठी रॅपवरून अंबरनाथ येथे गुन्हा नोंदवला गेला. राज्यातील सत्तांतरावर ती रचना होती. त्याच सुमारास मुंबईत उमेश खाडे या दुसऱ्या तरुणावरही अशीच कारवाई झाली. तक्रारदारांनी ती रचना म्हणजे आरोप मानला. विरोधी पक्षांच्या नेत्यांनी मुलांची बाजू घेतली, तीही आपल्या सोयीचे विधान म्हणूनच. आठवडाभर गदारोळ चालला. त्या गदारोळात, ही उपरोधिक पद्यरचना आहे, तिची जात तमाशातल्या बतावणीशी आणि अण्णाभाऊ साठ्यांच्या छकडीशी जुळते, एवढे साधे वाक्य मराठीच्या एखाद्या प्राध्यापकाने जाहीरपणे उच्चारले असते तर बरे झाले असते. मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा निदान साहित्यिकांत वाद झडला होता. इथे आमचा वर्ग गप्प राहिला. कोणाची बाजू घ्यावी हा माझा प्रश्न नाही. पद्याला पद्य म्हणण्याचे काम ज्यांचे आहे त्यांनी ते केले नाही तर ते काम फौजदाराकडे जाते, एवढेच मी म्हणतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. यातले बरेचसे टाकाऊ आहे. खरेच आहे. पन्नास रचना ऐकाव्यात तेव्हा चाळीसांत 'मी किती मोठा, माझे शत्रू किती क्षुद्र' यापलीकडे काही नसते. शिव्या असतात त्याही आळसाने घातलेल्या. गरिबीचे वर्णन करता करता ते दागिन्यासारखे मिरवणेही सुरू होते. चित्रपटाला यश मिळाल्यावर तर 'गल्ली' हा एक पोशाख झाला. पण कटावाचेही पुढे हेच झाले आणि लावणीचेही. अमेरिकेत केंड्रिक लमारला २०१८ मध्ये संगीतासाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. 'रॅपर्स डिलाइट'पासून तोवर एकोणचाळीस वर्षे गेली होती, आणि त्या काळात तिथेही बहुतेक उत्पादन भूसाच होते. भूसा पाखडण्यालाच तर समीक्षा म्हणतात.

आता तोडफोडच्या भाषेकडे वळतो, कारण मला वाटते आपल्यासाठी खरी गोष्ट तिथे आहे. मराठी शहरात वाढलेला हा मुलगा घरची गुजराती घेऊन आला. 'स्वदेसी'त त्याच्या शेजारी मराठीत म्हणणारे होते, हिंदीत म्हणणारे होते. 'इंडिया ९१' या एकाच रचनेत गुजराती, मराठी, पंजाबी, हिंदी एकापाठोपाठ येतात आणि कोणी कोणाचा अनुवाद करीत नाही. परिणाम काय झाला? गुजराती समीक्षेच्या दृष्टीने तो मुंबईचा, मराठीच्या दृष्टीने गुजराती, हिंदीच्या दृष्टीने सिनेमाच्या गाण्यातला एक आवाज. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्याची दखल मनोरंजनाच्या पानावर घेतली. आपली सगळी साहित्यव्यवस्था भाषावार कपाटांची आहे, आणि दोन कपाटांच्या मध्ये जे पडते ते जमिनीवरच राहते.

श्रोतेहो, आपण ग्वाल्हेरचे मराठी लोक दोन कपाटांच्या मध्येच दोन शतके राहत आलो आहोत. दौलतराव शिंद्यांचा तळ १८१० मध्ये या मैदानात पडला, त्याचे लष्कर नावाचे शहर झाले, तेव्हापासून आपल्या घरात एक भाषा आणि दारात दुसरी आहे. आपण 'भाजी घेऊन आलो' म्हणतो आणि पुढच्या वाक्यात 'पण ताजी नव्हती ना यार' असेही म्हणतो. पुण्याचा पाहुणा हसतो. आपण ओशाळतो, आणि मुलांना 'नीट मराठी बोल' म्हणून दटावतो. मुले मग मराठी बोलायचेच सोडतात. हे प्रत्येक घरात घडले आहे, आकडेवारीची गरज नाही. आपल्याच राज्यात मुक्तिबोध बंधू झाले. गजानन माधव १९१७ मध्ये श्योपुरात जन्मले आणि हिंदीचे थोर कवी ठरले. धाकटे शरच्चंद्र मराठीचे कवी आणि समीक्षक. एकाच घरातील हे दोन भाऊ आपल्या ग्रंथालयात दोन वेगळ्या दालनांत बसतात. त्यांच्या आईवडिलांच्या घरात ही भिंत नव्हती.

जुन्या काव्यातही ती नव्हती. नामदेवांची हिंदी पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद रचला, त्यात तुर्क हिंदुस्थानीत बोलतो आणि हिंदू मराठीत. अमृतरायांनीही हिंदीत लिहिले. कीर्तनाचा आणि तमाशाचा फड बहुभाषिक श्रोत्यांपुढे उभा राहत असे, म्हणून रचनाही बहुभाषिक होई. छापखाना आला, क्रमिक पुस्तके आली, भाषावार विद्यापीठे आली, आणि मिश्रभाषा हा दोष ठरला. तो दोष नाही, हे या मुलांनी आपल्याला न विचारता पुन्हा सिद्ध केले. तोडफोडने गुजराती सोडून हिंदीच धरली असती तर त्याला श्रोते अधिक मिळाले असते. त्याने ती सोडली नाही. ग्वाल्हेरच्या मराठी घरातील एखाद्या मुलीने उद्या आपल्या या घरगुती, हिंदीमिश्रित मराठीत ठेका धरून काही म्हटले, तर आपण तिला व्याकरण सांगणार की तिचे ऐकणार? शतकमहोत्सवी मराठी संस्थेला हा प्रश्न टाळता येणार नाही, कारण आपल्या वाचनकक्षात बसणाऱ्यांचे सरासरी वय आपण सर्वजण जाणतो.

ग्रंथालयाने काय करावे? छापील संहिता गोळा करावी हे पहिले उत्तर सुचेल; त्यातला धोका सांगतो. २०१० मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठाने रॅपचा एक जाडजूड संकलनग्रंथ काढला. मोठा गौरव झाला, आणि लगोलग जाणकारांनी दाखवून दिले की त्यात ओळीच्या ओळी चुकीच्या ऐकून छापल्या आहेत. विद्वानांनी ऐकण्याआधी छापले. आपल्याकडे १८९१ मध्ये ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी पोवाडे गोळा केले, तेव्हा त्यांना गोंधळ्यांच्या तोंडून ऐकूनच उतरवून घ्यावे लागले. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण आज आपल्यापाशी शब्द उरले आणि डफावर त्या शब्दांची वाटणी कशी होत असे ते कायमचे गेले. अज्ञानदासाचा अफझलखानवधाचा पोवाडा आपण वाचतो. तो कुठे थांबत असे आणि कुठे धावत असे, कोण सांगणार? कटावाचीही तीच गत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. शताब्दीच्या निधीतून एक कपाट ध्वनीसाठी राखावे. त्यात लोकशाहिरांच्या ध्वनिमुद्रिका असाव्यात, वामनदादा कर्डकांची गीते असावीत, ग्वाल्हेर घराण्याच्या बंदिशी असाव्यात, आणि त्यांच्याच शेजारी, वेगळा कोपरा न करता, 'ट्रुथ अँड बेस'सारखे संग्रह असावेत. प्रत्येक रचनेसोबत तिच्या शब्दांची प्रत हवी, शक्य तिथे रचनाकाराकडून तपासून घेतलेली. तोडफोडच्या बाबतीत ती संधी गेली, त्याच्या सोबत्यांकडून अजून ती करून घेता येईल. ऐकण्यासाठी वाचनकक्षात दोन जागा आणि चांगले श्रवणयंत्र लागेल. ते चांगलेच हवे, कारण या संग्रहाच्या नावातला खर्ज भ्रमणध्वनीच्या इवल्याशा कर्ण्यातून ऐकू येत नाही. डग्ग्याविना तबला ऐकावा तसे होते. नुसती चाट वाजते, घुमारा हरवतो, आणि ऐकणारा म्हणतो की यात नुसती बडबड आहे. कार्यकारी मंडळाकडे मी यंत्राच्या खर्चाचा अंदाज आणि पहिल्या चाळीस ध्वनिमुद्रणांची यादी आजच देत आहे.